बारा आणे खात्री

श्रावणातला पाऊस होता. कोल्हापुरात गंगावेशीतल्या माझ्या दवाखान्याच्या पायरीवर छत्र्या उलट्या करून ठेवलेल्या आणि आत बाकावर तापाची रांग. त्या रांगेत पन्हाळ्याकडच्या एका गावाहून आलेले एक आजोबा होते. डोक्याला पटका, अंगात जुना स्वेटर, मांडीवर कापडदुकानाची प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत औषधांच्या रिकाम्या पट्ट्या आणि घड्या पडून पडून मऊ झालेला रक्ताचा रिपोर्ट. बरोबरच्या सुनेनं तो माझ्यापुढे ठेवला.

"मामांना टायफॉइड झालाय. तीन आठवडं झालं. दोनदा कोर्स झाला इंजेक्शनांचा, पर ताप काय हटंना."

विडाल तपासणी होती. 'ओ' १:१६०, 'एच' १:८०. खाली लाल शाईत 'पॉझिटिव्ह'.

मी आजोबांना विचारत गेले. ताप कधी येतो? दिवस कलला की. रात्री घाम? कापडं बदलावी लागत्यात. वजन? सून म्हणाली, सदरा अंगावर लोंबतोय. खोकला? "त्यो जुनाच हाय, तंबाखूचा." छातीला स्टेथोस्कोप लावला. उजवीकडे वर, गळपट्टीच्या हाडाखाली, श्वासाचा आवाज बदलला होता.

"टायफॉइडच न्हवं?" त्यांनी विचारलं.

"मला तसं वाटत नाही, आजोबा."

"रिपोर्टात आलंय की."

"आलंय खरं. पण त्या तपासणीवर माझा फार भरवसा नाही."

आजोबांनी थोडा विचार केला. मग म्हणाले, "मग रुपयात किती आणं धरायचं?"

आणे चलनातून जायला लागले १९५७ साली. आजोबांच्या हिशेबात ते अजून चालू होते. सव्वीस वर्षं प्रॅक्टिस करतेय, पण इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. रुग्ण विचारतात, "आहे का नाही?" आणि आम्ही डॉक्टरही आहे किंवा नाही असंच उत्तर द्यायला शिकलेलो असतो. मी म्हणाले, "टायफॉइडचे चार आणे धरा. टीबीचे बारा."

"बारा लई झालं," ते म्हणाले आणि गप्प बसले.

विडाल ही १८९६ सालची तपासणी. फ्रान्समधल्या फर्नां विडाल या डॉक्टरच्या नावानं ती ओळखली जाते. ती टायफॉइडचा जंतू शोधत नाही. जंतूविरुद्ध शरीरानं तयार केलेल्या अँटिबॉडी शोधते. फ्रान्समधल्या माणसाच्या रक्तात त्या एरवी फारशा नसतील, पण आपल्याकडे पाण्यातून, खाण्यातून त्या जंतूशी किंवा त्याच्या भावकीतल्या दुसऱ्या जंतूंशी शरीराची कधी ना कधी गाठ पडलेली असते. कुणी लस घेतलेली असते. मलेरियात आणि इतर तापांतही ही पातळी वर जाऊ शकते. उलट खऱ्या टायफॉइडच्या पहिल्या आठवड्यात ती कोरी येऊ शकते. नियमानं सात-दहा दिवसांच्या अंतरानं दोनदा रक्त घ्यायचं आणि पातळी चौपट झाली का ते बघायचं. दुसऱ्यांदा रक्त द्यायला कोण येतं? मजुरी बुडवून, एसटीचं भाडं भरून? एकदाच घेतलेल्या रक्तावर 'मुदतीचा ताप' ठरतो आणि औषध सुरू होतं.

त्याहून चांगली तपासणी म्हणजे रक्ताचं कल्चर. त्यात जंतू उगवला तर शंकेला जागा नाही. पण खरोखर टायफॉइड असलेल्या शंभरांपैकी साधारण चाळीस ते साठ जणांच्याच रक्तात तो उगवतो, आणि आधी अँटिबायोटिक पोटात गेलेलं असेल तर त्याहूनही कमी जणांत. हाडातल्या मगजाचं कल्चर जास्त सापडवतं, पण साध्या तापासाठी हाडात सुई घालायला कुणी तयार होत नाही आणि होऊही नये. म्हणजे ज्या तपासणीवर विश्वास ठेवावा ती निम्म्या वेळा गप्प बसते आणि जी सारखी बोलते तिच्यावर विश्वास ठेवता येत नाही. तालुक्याच्या ठिकाणी एकट्यानं दवाखाना चालवणारा डॉक्टर रोज या दोघींच्या मध्ये उभा असतो. त्याला नावं ठेवताना मला हे आठवतं.

आजोबा आयुष्यभर गुळव्या होते. हे सुनेनं सांगितलं आणि मला माझं माहेर आठवलं. करवीर तालुक्यातलं आमचं गाव. दिवाळीनंतर शिवारात गुऱ्हाळं पेटायची. काहिलीत रस उकळायला लागला की मळी वर यायची, ती काढायची, भेंडीचा चिकट रस सोडायचा, की पुन्हा मळी. एक जण चुलवाणात चिपाडं सारत बसलेला आणि काहिलीच्या काठावर गुळव्या. तो म्हणेल तेव्हाच काहील उतरायची. लवकर उतरली तर गूळ घट्ट बसत नाही, उशीर झाला तर करपतो, रंग जातो आणि सौद्यात भाव पडतो. पाक आला का ते बघायला गुळव्या थोडा पाक थंड पाण्यात सोडायचा आणि बोटांत त्याची गोळी वळते का बघायचा. लहानपणी मला वाटायचं, सगळी विद्या त्या पाण्याच्या भांड्यात आहे.

रक्त घेताना आजोबांचं लक्ष दुसरीकडे असावं म्हणून मी त्या गोळीबद्दल विचारलं. ते म्हणाले, "पाण्यात बघायचं ते शेवटाला. रस पातळ हाय तवर कशाला टाकायचा? इरघळणारच. फेस बसला, बुडबुडं जड फुटाय लागलं, वास फिरला, मग टाकायचा. आन् पाक फुडं गेलेला डोळ्यानं दिसतोय तवा पाणी घेऊन बसलं तर तवर काहील जळती."

१९८० साली स्टीफन पॉकर आणि जेरोम कॅसिरर या दोन अमेरिकी डॉक्टरांनी एक लेख लिहिला होता. मी तो फार उशिरा वाचला, प्रॅक्टिसला दहा वर्षं झाल्यावर. रोगाची शक्यता एका रेषेच्या खाली असेल तर तपासणी करू नये आणि औषधही देऊ नये. दुसऱ्या एका रेषेच्या वर असेल तर तपासणीसाठी थांबू नये, औषध सुरू करावं. तपासणी करायची ती या दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात, कारण तिथंच तिच्या उत्तरानं आपला निर्णय बदलू शकतो. रेषा कुठं आखायच्या हे प्रत्येक रोगाचं वेगळं. औषध किती विषारी, रोग किती घातक, थांबलं तर काय होईल, यावर ते ठरतं. त्यांनी ते समीकरणांत मांडलं होतं आणि मला ते समजायला दोन रात्री लागल्या होत्या. आजोबांच्या दंडाचा पट्टा सोडताना तो लेख माझ्या डोळ्यांपुढे आला.

एक्स-रेत उजवीकडे वर डाग दिसला. थुंकी सीपीआर या सरकारी रुग्णालयात पाठवली. सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसलं नाही, सीबीनॅटमध्येही, म्हणजे यंत्रात टीबीच्या जंतूची जनुकं शोधणाऱ्या तपासणीतही, काही नाही. सून रिपोर्ट घेऊन आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर सुटका होती. टीबी नाही म्हणजे घरातल्या दोन लहान लेकरांना काही नाही, हे ती मनात म्हणत आली असणार. मला त्या चेहऱ्यापुढे बोलणं जड गेलं.

सीबीनॅट ही चांगलीच तपासणी आहे. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला मिलिलिटरमागे पाच ते दहा हजार लागतात, सीबीनॅटला दीडशेच्या आत पुरतात. तरीही सूक्ष्मदर्शकाला न दिसणाऱ्या टीबीतले साधारण एक तृतीयांश रुग्ण तिच्या एका तपासणीतून निसटतात. मी आजोबांच्या भाषेत हिशेब मांडला. बारा आणे घेऊन आत गेलो होतो, निगेटिव्ह घेऊन बाहेर आलो, तर आठ आणे उरले. आठ आणे टीबी म्हणजे थोडा नाही. मग विचारलं, थुंकी कशी होती? "पाण्यागत," सून म्हणाली. "दुपारी बसल्या बसल्या डबीत थुंकलं त्यांनी."

ती थुंकी नव्हतीच, लाळ होती. मी आजोबांना सांगितलं, सकाळी उठल्यावर चूळ भरायची, खोल श्वास घ्यायचा, छातीच्या तळातून खोकायचं आणि जे येईल ते डबीत.

"म्हंजे मी कडंचा घेतला," ते म्हणाले. "मधला घ्याय पायजे हुता."

दुसऱ्या नमुन्यात जंतू सापडले. नेहमीच्या औषधाला दाद देणारे निघाले, हे नशीब. आधीच्या एका कोर्समध्ये जे अँटिबायोटिक होतं ते टीबीच्या जंतूलाही थोडं दाबतं. त्यानं मधे चार दिवस ताप उतरला होता, म्हणून घरच्यांना औषध लागू पडतंय असं वाटलं आणि आणखी दोन आठवडे गेले. त्या दोन आठवड्यांत ते नातवंडांना कुशीत घेऊन झोपत होते. चुकीच्या पॉझिटिव्हची किंमत बिलात दिसत नाही. लेकरांची तपासणी केली, त्यांना रोग नव्हता, प्रतिबंधक औषध सुरू केलं.

टीबीसाठीही पूर्वी विडालसारख्याच रक्तातल्या अँटिबॉडी बघणाऱ्या तपासण्या बाजारात होत्या. त्या इतक्या चुकत होत्या की २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्या वापरू नका असं स्पष्ट सांगितलं आणि २०१२ मध्ये भारत सरकारनं त्यांच्यावर बंदी घातली. एखादी तपासणी नसण्यापेक्षा असणं वाईट, असं सरकारनंच मान्य केल्याचं हे उदाहरण मला फार मोलाचं वाटतं.

करोनाच्या काळात हा आण्यांचा हिशेब मला माहीत असता तर बोलणं सोपं गेलं असतं. २०२१ च्या जून-जुलैत राज्यात इतरत्र लाट ओसरत होती, कोल्हापुरात रुग्ण येतच होते. मंगळवार पेठेतला चाळिशीचा एक माणूस आला. दोन दिवस ताप, उदबत्तीचा वास येईना, घरात तिघं पॉझिटिव्ह. सकाळी त्यानं अँटिजेन टेस्ट केली होती, निगेटिव्ह. दुसऱ्या दिवशी भावाचं दिवसकार्य होतं. भाऊ करोनानंच गेला होता आणि अंत्यविधीला याला जाता आलं नव्हतं. त्याला माझ्याकडून एवढंच ऐकायचं होतं की जायला हरकत नाही.

आयसीएमआरनं जून २०२० मध्ये ही टेस्ट आणली तेव्हाच तिच्या पडताळणीचे आकडे जाहीर केले होते. रोग असलेल्यांपैकी ५०.६ ते ८४ टक्के सापडतात आणि रोग नसलेल्यांपैकी ९९.३ ते १०० टक्क्यांना ती बरोबर निगेटिव्ह सांगते. म्हणून लक्षणं असतील आणि ही टेस्ट निगेटिव्ह आली तर आरटी-पीसीआर कराच, असंही त्याच पत्रकात होतं. हिशेबाला सोपं म्हणून निम्मे सापडतात असं धरू. त्याच्यासारखी शंभर माणसं घ्या, म्हणजे ताप, वास गेलेला, घरात रुग्ण. त्यांतल्या साठ जणांना तरी करोना असणार. साठांतले तीस पॉझिटिव्ह, तीस निगेटिव्ह. उरलेले चाळीस खरोखर निगेटिव्ह. म्हणजे निगेटिव्ह कागद हातात असलेले सत्तर आणि त्यांतल्या तिसांच्या अंगात करोना. रुपयात सात आणे.

तीच टेस्ट, तेच आकडे, आता माणसं वेगळी घ्या. कुणालाच काही होत नाही अशी हजार माणसं, कामावर घेण्याआधी तपासलेली, त्यांतल्या वीस जणांना करोना आहे असं धरा. वीसांतले दहा सापडतील. उरलेल्या ९८० मध्ये शंभरास एक चुकून पॉझिटिव्ह आला तरी जवळजवळ दहा होतात. पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येकाची खात्री आता आठच आणे, आणि निगेटिव्ह मात्र पावणेसोळा आणे खरा. पहिल्या घोळक्यात पॉझिटिव्हवर डोळे मिटून विश्वास ठेवावा आणि निगेटिव्हवर ठेवू नये, दुसऱ्यात बरोबर उलटं. कागदावरची अक्षरं दोन्हीकडे सारखीच.

त्या माणसाला मी एवढंच सांगितलं की हा कागद तुमच्या बाबतीत जवळजवळ निम्म्या वेळा चुकतो आणि उद्या तिथं तुमची आई असेल. तो उठून गेला. आरटी-पीसीआर दोन दिवसांनी पॉझिटिव्ह आला. तो दिवसकार्याला गेला नव्हता.

चुकीच्या पॉझिटिव्हचा माझ्या मनावरचा सर्वांत खोल ओरखडा मात्र एका गरोदर मुलीचा आहे. बावीस वर्षांची, पहिलटकरीण. बाहेरून केलेल्या तपासण्यांत एचआयव्हीसमोर 'रिऍक्टिव्ह' लिहून आलं आणि तो कागद तिच्या हातात पडण्याआधी सासूबाईंच्या हातात पडला. ती माझ्याकडे आली तेव्हा तिची पिशवी भरलेली होती. तिला माहेरी पाठवायचं ठरलं होतं.

१९७८ साली हार्वर्डशी संबंधित रुग्णालयांतल्या साठ जणांना, म्हणजे विद्यार्थी, शिकाऊ आणि मुरलेल्या डॉक्टरांना, एक प्रश्न विचारला गेला होता. एक रोग हजारात एकाला आहे. तपासणी निरोगी माणसांपैकी शेकडा पाच जणांना चुकून पॉझिटिव्ह ठरवते. पॉझिटिव्ह आलेल्याला रोग असण्याची शक्यता किती? सर्वांत जास्त लोकांनी सांगितलं, ९५ टक्के. बरोबर उत्तर आहे सुमारे दोन टक्के. हजारात खरा रोगी एक आणि चुकून पॉझिटिव्ह आलेले पन्नास. साठांपैकी अकरांनीच ते बरोबर सांगितलं होतं. एचआयव्हीचे किट त्या काल्पनिक तपासणीपेक्षा पुष्कळ चांगले असतात, पण रोग विरळ असला की चांगल्या किटचाही पहिला पॉझिटिव्ह डळमळीत होतो. म्हणून तर आपल्या एड्स नियंत्रण कार्यक्रमात एका किटवर निदान करत नाहीत, तीन वेगवेगळ्या किटनी करतात. हा नियम कागद देणाऱ्यानं त्या घराला सांगितला नव्हता. पुढच्या दोन्ही तपासण्या निगेटिव्ह आल्या, काही आठवड्यांनी पुन्हा केलेल्याही. सासूबाई माझ्यासमोर रडल्या. मुलगी रडली नाही. बाळंतपणासाठी ती माहेरी गेली, ते स्वतःच्या इच्छेनं, आणि बरेच महिने परत आली नाही.

आता माझी स्वतःची चूक. राजारामपुरीत खोली घेऊन राहणारी कॉलेजची मुलगी. तापाचा पाचवा दिवस, त्या सकाळी ताप उतरलेला. डेंगूची एनएस-१ तपासणी केली, निगेटिव्ह आली. मी केसपेपरवर लिहिलं, 'डेंगू नाही'. दोनच शब्द.

एनएस-१ हे विषाणूचं प्रथिन. तापाच्या पहिल्या दिवसापासून रक्तात मिळतं आणि साधारण पाचव्या दिवसापासून ओसरायला लागतं. आयजीएम अँटिबॉडी चौथ्या-पाचव्या दिवसापासून दिसायला लागतात. मधे अशी एक फट असते की पहिलं गेलेलं असतं आणि दुसरं पुरतं आलेलं नसतं. आधी कधी डेंगू होऊन गेला असेल तर एनएस-१ आणखी लवकर निसटतं, आणि दुसऱ्यांदा होणारा डेंगूच जास्त धोक्याचा. हे सगळं मला माहीत होतं. ताप उतरण्याची वेळ हीच डेंगूतली खरी जोखमीची वेळ, हेही माहीत होतं. पण त्या सकाळी पंचवीस-तीस रुग्ण बाहेर होते आणि निगेटिव्ह कागद बघून मला हलकं वाटलं.

संध्याकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं, उलट्या थांबेनात. मैत्रिणी तिला एका दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथं माझा कागद दाखवला गेला आणि पित्ताचं इंजेक्शन देऊन तिला परत पाठवलं गेलं. त्यांना मी दोष देऊ शकत नाही. माझ्याच दोन शब्दांवर त्यांनी विश्वास ठेवला होता. पहाटे हातपाय गार पडले तेव्हा मैत्रिणींनी तिला रिक्षात घातलं. चार दिवस ती अतिदक्षता विभागात होती. वाचली. तिचे वडील शेवटच्या दिवशी मला भेटायला आले आणि आभार मानून गेले. त्यांना वाटत होतं मी पहिल्याच दिवशी डेंगूची तपासणी केली म्हणजे किती काळजी घेतली. मी त्यांना बसवून खरं काय झालं ते सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

तेव्हापासून मी 'नाही' लिहीत नाही. 'आजच्या तपासणीत दिसला नाही' असं लिहिते, त्याखाली तापाचा दिवस कितवा ते, आणि त्याखाली मराठीत, मोठ्या अक्षरांत, कशावर लक्ष ठेवायचं ते. पोटात दुखणं, सारखी उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, गुंगी, सहा तासांत लघवी न होणं. उद्या सकाळी पुन्हा पेशी, म्हणजे प्लेटलेट. पेशींबरोबर हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, हेही बघायचं, कारण पेशी घसरत असताना ते चढायला लागलं की रक्तातलं पाणी नसांबाहेर झिरपतंय.

कधी मात्र रिपोर्टची वाट बघायचीच नसते. महापुरानंतर शिरोळकडचा एक शेतकरी आला होता. चार दिवस गोठ्यातला गाळ उपसत होता, पायाला भेगा, ताप तिसऱ्या दिवसाचा, पोटऱ्या दाबल्या की कळवळायचा, डोळे लाल. लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीनं दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाची, आयजीएम तपासणी निगेटिव्ह होती. तिसऱ्या दिवशी ती तशीच येणार, अँटिबॉडी तयार व्हायला आठवडाभर लागतो. त्यावरचं अँटिबायोटिक, डॉक्सिसायक्लिन, स्वस्त आहे, मोठ्या माणसाला सहसा सोसतं आणि लेप्टोत दोन दिवसांचा उशीर किडनीवर बेतू शकतो. मी त्याच क्षणी सुरू केलं. टीबीच्या सहा महिन्यांच्या औषधाला मी एवढ्या खात्रीवर हात घातला नसता. शिकाऊ डॉक्टर माझ्याकडे बसायला येतात तेव्हा त्यांना हे सर्वांत अवघड जातं. एका रुग्णाच्या निगेटिव्हला मी बाजूला सारते, दुसऱ्याच्या निगेटिव्हसाठी पुन्हा नमुना मागवते, तिसऱ्याची तपासणीच करत नाही. त्यांना वाटतं, मॅडम मनाला येईल तसं करतात. मग मी त्यांना रुग्ण आत आल्याबरोबर, कुठलाही कागद उघडण्याआधी, आणे लिहून ठेवायला सांगते. रिपोर्ट आला की पुन्हा लिहायचे. वहीत बघायचं, आकडा किती हलला. रिपोर्ट आल्यावर पहिला आकडा खोडून 'मला आधीच वाटलं होतं' म्हणायचा मोह सगळ्यांना होतो. मलाही होतो, म्हणून माझीही वही आहे.

काल संध्याकाळी कसबा बावड्यातला सात वर्षांचा मुलगा आला. तापाचा चौथा दिवस. मलेरियाची काच कोरी, एनएस-१ निगेटिव्ह, पेशी एक लाख दहा हजार. खेळत होता, पाणी पीत होता, पोट मऊ. वहीत मी डेंगूचे नऊ आणे लिहिले होते, रिपोर्टनंतर पाच केले. त्याच्या आईला कागद दिला, ओळी वाचून दाखवल्या, माझा नंबर मोठ्या अक्षरांत लिहिला.

रात्री साडेअकराला फोन आला. मागं पावसाचा आवाज होता.

"मॅडम, ताप उतरलाय. झोपवू का त्याला?"

"पोट दुखतंय का?"

"न्हाई म्हणतोय."

"उलटी?"

"न्हाई."

"लघवी कधी झाली?"

ती थांबली. आतल्या खोलीत कुणाला तरी विचारल्याचा आवाज आला, मग कागद उलगडल्याचा.

"आठला. लिवून ठेवलंय मी."

"झोपू दे. दोन वाजता उठवून पाणी पाजा, लघवी होते का बघा. मग मला फोन करा."

"दोनला? रात्री?"

"हो. मी जागी आहे."